डिझेल हे एका माणसाचं आडनाव: गळतीशी झुंजत इंजिन घडवणाऱ्या रुडॉल्फ डिझेल यांची गोष्ट

बोटीच्या टाकीत डिझेल, शेतावरच्या पंपाला डिझेल, ट्रॅक्टरला डिझेल, जनरेटरला डिझेल. गावात दिवसातून पन्नास वेळा हा शब्द तोंडात येतो. पण हे मुळात तेलाचं नाव नव्हतं, एका माणसाचं आडनाव होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या माणसाचं पूर्ण नाव रुडॉल्फ डिझेल. जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. मृत्यू २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, भर समुद्रात.

आज बंदरातल्या शेकडो बोटी ज्या इंजिनावर चालतात, त्याचा जनक बोटीवरूनच नाहीसा झाला. त्यांच्या आयुष्याची गोष्ट म्हणजे एका अवघड इंजिनाची गोष्ट आहे. आणि त्या इंजिनाला पहिल्या दिवसापासून जो त्रास होता, तोच आजही नाखवा आणि मिस्त्री यांना छळतो. तो त्रास म्हणजे गळती.

कारागिराच्या घरातला मुलगा

रुडॉल्फचे आईवडील जर्मन, पण पोटापाण्यासाठी पॅरिसला स्थायिक झालेले. वडील थिओडोर पुस्तक बांधणीचं आणि चामड्याच्या वस्तू बनवण्याचं काम करायचे. हातावर पोट असलेलं कारागिराचं घर होतं. पोरगं मात्र हुशार निघालं. बाराव्या वर्षी शाळेत त्याला पदक मिळालं.

त्याच वर्षी, १८७० मध्ये, फ्रान्स आणि जर्मन राज्यांमध्ये युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथंही परिस्थिती बेताचीच. शेवटी आईनं बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरी नातेवाइकांकडे पाठवलं. तिथले काका, ख्रिस्तोफ बार्निकेल, गणिताचे मास्तर होते. त्यांच्या घरी राहून रुडॉल्फ शिकू लागला.

चौदाव्या वर्षीच त्यानं ठरवून टाकलं की आपल्याला इंजिनिअर व्हायचंय. तसं पत्र त्यानं आईवडिलांना लिहिलं. घरच्यांना वाटत होतं की पोरानं लवकर कमवायला लागावं. पण १८७५ मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढचा मार्ग ठरला. १८७९ मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी त्यांना विषमज्वर झाला, परीक्षा हुकली. पुढची परीक्षा होईपर्यंत ते स्वित्झर्लंडमधल्या सुल्झर कारखान्यात काम शिकत राहिले. जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली आणि उत्तम गुणांनी पास झाले.

वाया जाणारी उष्णता

म्युनिकला त्यांना शिकवणारे प्राध्यापक होते कार्ल फॉन लिंडे. बर्फ बनवणाऱ्या यंत्रांसाठी हे नाव जगभर ओळखलं जातं. वर्गात वाफेच्या इंजिनाचा विषय निघाला तेव्हा रुडॉल्फ यांना एक गोष्ट कळली आणि ती त्यांच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. वाफेचं इंजिन जेवढा कोळसा खातं, त्यातल्या उष्णतेचा दहावा हिस्साही कामाला येत नाही. बाकी सगळी उष्णता धुराड्यातून बाहेर जाते. शंभर रुपयांचा कोळसा जाळावा आणि नव्वद रुपये हवेत उडवावेत, असा तो हिशोब.

शिवाय वाफेचं इंजिन म्हणजे मोठं धूड. बॉयलर पाहिजे, कोळसा टाकायला माणूस पाहिजे. ते परवडायचं फक्त मोठ्या कारखानदाराला. सुतार, विणकर, लोहार असा लहान कारागीर त्याच्यापुढे टिकत नव्हता. रुडॉल्फ स्वतः कारागिराच्या घरातले. छोट्या माणसाला परवडेल आणि कमी इंधनात चालेल असं इंजिन हवं, हा ध्यास त्यांनी घेतला.

शिक्षण संपल्यावर ते लिंडे यांच्याच कामासाठी पॅरिसच्या बर्फ कारखान्यात गेले आणि वर्षभरात तिथले प्रमुख झाले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी लग्न झालं. पुढे तीन मुलं झाली. १८९० मध्ये कुटुंब बर्लिनला आलं. दिवसा नोकरी आणि रात्री इंजिनाची गणितं, असा त्यांचा क्रम होता.

आगपेटी न लागणारं इंजिन

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे प्रत्येकानं अनुभवलंय. हवा दाबली की तापते. आग्नेय आशियात जुन्या काळापासून एक साधन वापरात होतं. बारीक नळीत दट्ट्या जोरात दाबायचा, की टोकाला ठेवलेला कापूस पेट घेतो. असं साधन रुडॉल्फ यांनी विद्यार्थी असताना पाहिलं होतं, असं सांगतात.

त्यांची कल्पना याच तत्त्वावर उभी होती. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची. पिस्टननं ती इतकी दाबायची की तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जाईल. मग त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी थोडंसं तेल सोडायचं. ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, प्लग नको, आगपेटी नको.

१८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये ते मिळालं. त्याच वर्षी त्यांनी आपला सिद्धांत पुस्तक रूपानं छापला. ऑग्सबर्गचा यंत्र कारखाना आणि क्रुप ही बडी कंपनी, दोघांनी प्रयोगाला पैसा द्यायचं कबूल केलं. ज्या गावात ते बारा वर्षांचे असताना एकटे आले होते, त्याच ऑग्सबर्गमध्ये आता त्यांचं इंजिन उभं राहणार होतं.

चार वर्षांची झुंज

कागदावरचं गणित आणि लोखंडातलं इंजिन यात किती अंतर असतं, ते लगेच कळलं. पहिलं इंजिन माणसापेक्षा उंच होतं. ते सुरू करायच्या आधी कारखान्याच्या पट्ट्यानं फिरवून पाहिलं, तर हवा हवी तेवढी दाबलीच जाईना. ती पिस्टनच्या कडेनं आणि व्हॉल्वमधून निसटत होती. दाब ठरवलेल्या आकड्याच्या जेमतेम निम्म्यावर यायचा. दाब नाही तर उष्णता नाही, आणि उष्णता नाही तर तेल पेटत नाही. मग एकेक सांधा घासून, रिंगा बदलून गळती कमी करण्याचं काम सुरू झालं.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्यांदा इंधन आत सोडलं गेलं. त्या वेळी ते पेट्रोल होतं. स्फोटासारखा आवाज झाला आणि दाब मोजायचं यंत्र फुटून त्याचे तुकडे उडाले. रुडॉल्फ थोडक्यात वाचले. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. त्यांनी मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढला. इंधन ठिणगीशिवाय पेटलं होतं. म्हणजे कल्पना बरोबर होती, यंत्र कच्चं होतं.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारलेलं इंजिन स्वतःच्या बळावर चाललं. किती वेळ? साधारण एक मिनिट. मिनिटाला ८८ फेरे. फिरवणारा पट्टा सैल पडल्याचं तिथल्या मिस्त्रीच्या आधी लक्षात आलं, आणि त्यानं काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली, असं सांगतात. म्हणजे आता पट्टा इंजिनाला ओढत नव्हता, इंजिन पट्ट्याला ओढत होतं.

तरी मोठी अडचण शिल्लकच होती, ती म्हणजे तेल आत सोडायची. सिलिंडरमध्ये एवढा दाब असताना थेंबभर तेल त्याच्या विरुद्ध आत ढकलायचं, तेही धुक्यासारखं बारीक करून, अगदी नेमक्या क्षणी, नेमक्या मापात. त्या काळात असा पंप कुणालाच बनवता येत नव्हता. तेल सांध्यातून झिरपायचं, नाहीतर आत धार पडून नुसता काळा धूर व्हायचा. शेवटी रुडॉल्फ यांनी तोडगा काढला. वेगळ्या कॉम्प्रेसरनं हवा आणखी जास्त दाबायची आणि त्या हवेच्या झोतानं तेल आत फुंकायचं. इंजिन चाललं, पण कॉम्प्रेसरमुळे ते अवजड आणि महाग झालं.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचं काम झालं. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. चार वर्षांच्या मेहनतीचं चीज झालं.

पैसा आला, पण टिकला नाही

बातमी जगभर गेली. अमेरिकेतले बिअर उद्योजक अडॉल्फस बुश यांनी तिथले हक्क दहा लाख मार्क मोजून घेतले. रशियात नोबेल कुटुंबानं हक्क घेतले. १८९८ मध्ये एक कंपनी निघाली आणि तिनं रुडॉल्फ यांचे पेटंट हक्क ३५ लाख मार्कांच्या बदल्यात घेतले, त्यातला मोठा भाग शेअर्समध्ये होता. चाळीस वर्षांचा कारागिराचा मुलगा लक्षाधीश झाला. म्युनिकला मोठा बंगला बांधला.

पण प्रयोगशाळेत चालणारं इंजिन आणि गिऱ्हाइकाच्या दारात चालणारं इंजिन यात फरक असतो. १८९८ मध्ये केम्प्टन गावच्या काडेपेटीच्या कारखान्यात पहिलं इंजिन बसलं. सुरुवातीची इंजिनं वारंवार बंद पडू लागली. काही गिऱ्हाइकांनी ती परत केली. ऑग्सबर्गला खास डिझेल इंजिनांसाठी काढलेला कारखाना थोड्याच काळात उत्पादन थांबवून बसला. त्यातच, ही कल्पना आपली होती असं म्हणणारे पुढे आले आणि पेटंटचे वाद सुरू झाले. कामाचा आणि वादाचा ताण असह्य होऊन रुडॉल्फ यांना काही काळ इस्पितळात विश्रांती घ्यावी लागली.

हाती आलेला पैसा त्यांनी तेलाच्या विहिरींत आणि जमिनीच्या व्यवहारांत गुंतवला. दोन्हीकडे फटका बसला. इंजिनातली गळती त्यांनी चार वर्षं खपून बंद केली, पण घरच्या तिजोरीतली गळती त्यांना बंद करता आली नाही.

याच काळातली दोन कामं मात्र आपल्याकडच्या वाचकानं ध्यानात ठेवावीत अशी आहेत. पहिलं, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. खनिज तेल नसलेल्या मुलखातल्या शेतकऱ्याला आपल्या पिकाच्या तेलावर इंजिन चालवता येईल, ही शक्यता रुडॉल्फ यांनी पुढेही मांडली. दुसरं, १९०३ मध्ये त्यांनी कामगारांनी एकत्र येऊन स्वतःचे उद्योग उभे करावेत, असा विचार मांडणारं पुस्तक लिहिलं. आपल्या सहकाराशी नातं सांगणारा तो विचार होता. पुस्तकाच्या फार थोड्या प्रती खपल्या. पण पोराचं कारागिराशी असलेलं नातं श्रीमंतीतही तुटलं नव्हतं, एवढं त्यातून दिसतं.

इंजिन पाण्यावर उतरलं

१९०३ मध्ये फ्रान्सच्या कालव्यात एक मालवाहू बोट डिझेल इंजिनावर चालली. त्याच वर्षी रशियात नोबेल कंपनीचं तेलवाहू जहाज डिझेलवर निघालं. आणि १९१२ मध्ये डेन्मार्कचं सेलांडिया हे मोठं जहाज कोपनहेगनहून थेट बँकॉकच्या सफरीवर गेलं. त्याला वाफेच्या जहाजासारखं उंच धुराडंच नव्हतं. बंदरात लोक बघायला गर्दी करायचे.

जहाजवाल्यांना यातला फायदा लगेच कळला. कोळशाची कोठारं नकोत, कोळसा टाकणारे खलाशी नकोत, आणि एकदा टाकी भरली की लांबचा पल्ला. पाणबुड्यांसाठी तर हे इंजिन वरदानच ठरलं. युरोपात युद्धाचे ढग जमत होते आणि प्रत्येक देशाच्या आरमाराला डिझेल इंजिन हवं होतं.

ती शेवटची रात्र

२९ सप्टेंबर १९१३. बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाची आगबोट इंग्लंडच्या हार्विच बंदराकडे निघाली. रुडॉल्फ त्यावर होते. इंग्लंडात नव्या डिझेल कारखान्याच्या कामासाठी ते चालले होते. सोबत बेल्जियमचे कारखानदार जॉर्ज कारेल्स आणि एक इंजिनिअर. तिघांनी एकत्र जेवण घेतलं, डेकवर फेरफटका मारला. रात्री दहाच्या सुमारास रुडॉल्फ आपल्या खोलीत गेले. सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून गेले.

सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कुणी झोपलेलं नव्हतं. रात्रीचे कपडे काढून ठेवलेले, घड्याळ बिछान्यातून दिसेल असं ठेवलेलं. डेकच्या मागच्या कठड्याजवळ त्यांची टोपी आणि घडी घातलेला कोट सापडला. माणूस नव्हता.

दहा दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात एक मृतदेह दिसला. त्याची अवस्था वाईट होती. त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे देह पुन्हा समुद्राला अर्पण केला. औषधाची डबी, पाकीट, चाकू, चष्म्याचं घर अशा त्या वस्तू मुलगा ऑयगेन यानं ओळखल्या. त्या वडिलांच्याच होत्या.

निघण्यापूर्वी रुडॉल्फ यांनी पत्नीकडे एक बॅग दिली होती आणि आठवडाभर उघडू नको असं बजावलं होतं. ती उघडली तेव्हा आत २० हजार मार्क रोख होते, आणि बँकेची खाती जवळपास रिकामी असल्याचे कागद होते. त्यांच्या रोजनिशीत २९ सप्टेंबर या तारखेला एक क्रूस काढलेला होता. कर्जाच्या ओझ्याखाली त्यांनी आयुष्य संपवलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कुणी घातपाताची शंकाही घेतली, पण ती सिद्ध झाली नाही. वय होतं ५५ वर्षं.

इंधन वाचवणारं इंजिन जगाला देणारा माणूस कर्जाच्या चिंतेत एकटा राहिला, घरच्यांनाही त्यानं खरी परिस्थिती सांगितली नाही. कर्ज आणि मन दोन्ही वेळेवर कुणापाशी तरी उघडं करावं, हे या गोष्टीतून प्रत्येक घरानं घ्यावं.

लहान बोटीपर्यंत इंजिन कसं पोचलं

रुडॉल्फ यांना इंजिन हवं होतं छोट्या माणसासाठी, पण त्यांच्या हयातीत ते मोठ्या जहाजांचं आणि कारखान्यांचं झालं. कारण तोच जुना, तेल आत सोडायचा. कॉम्प्रेसर असेपर्यंत इंजिन लहान होणं कठीण होतं.

ही गाठ पुढच्या पिढीनं सोडवली. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानं १९२७ मध्ये डिझेल इंजिनाचा इंधन पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. हवेच्या झोताची गरज संपली. पंपानं तेल दाबायचं, नोजलनं फवारायचं, बस्स. मग जपानमध्ये शेतकरी कुटुंबातल्या मागोकिची यामाओका यांनी १९३३ मध्ये लहान डिझेल इंजिन बनवलं. त्यांची कंपनी म्हणजे यानमार. रुडॉल्फ यांचे उपकार म्हणून यामाओका यांनी ऑग्सबर्गमध्ये त्यांचं स्मारक उद्यानही उभारून दिलं. आपल्याकडे पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि डिझेल इंजिन विहिरीवर, गिरणीत आणि बोटीवर दिसू लागलं. रुडॉल्फ यांचं स्वप्न असं उशिरा, पण छोट्या माणसाच्या दारात पोचलं.

बोटीवर आजही तीच झुंज

आजच्या लहान बोटीच्या इंजिनात तत्त्व तेच आहे. नोजलला तेल चौरस सेंटीमीटरला दीडशे-दोनशे किलो आणि त्याहूनही जास्त दाबानं जातं. म्हणून डिझेलची गळती ही किरकोळ बाब नाही. भर समुद्रात इंजिन बंद पडतं, तळात साचलेलं डिझेल गरम सायलेन्सरजवळ पेटू शकतं, आणि थेंब थेंब करत पैसा पाण्यात जातो. जाणते मिस्त्री गळती शोधताना काय करतात, ते थोडक्यात असं.

आधी पुसा, मग शोधा. इंजिन बंद करून सगळे पाईप, फिल्टर आणि पंप कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसायचे. खाली पांढरा कागद किंवा पुठ्ठा ठेवायचा. मग इंजिन चालू करून टॉर्चनं बघायचं. थेंब जिथं पडतो तिथं गळती असेलच असं नाही. तेल पाईपवरून ओघळत सगळ्यात खालच्या जागी टपकतं. ओल कुठून सुरू होते ते वर वर बघत जायचं.

टाकीपासून क्रमानं चला. टाकीचा कॉक, पाईपचे जोड, पाणी वेगळं करणारा फिल्टर, हातपंप आणि फीड पंप, दुसरा फिल्टर, इंधन पंप, नोजलचे पाईप, आणि शेवटी नोजलवरून परत येणारी बारीक नळी. हा शेवटचा पाईप बरेच जण विसरतात.

दिसत नाही ती गळती जास्त फसवी. टाकी इंजिनापेक्षा खाली असेल तर टाकी ते फीड पंप या भागात तेल ओढलं जातं. तिथं जोड सैल असला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. थेंबही दिसत नाही, पण इंजिन कमी-जास्त आवाज करतं, मध्येच बसतं, आणि दर वेळी एअर काढावी लागते. त्या भागात थोडा वेळ पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे दिसतात. सारखी एअर काढत बसण्यापेक्षा हवा कुठून शिरते ते शोधणं महत्त्वाचं.

तांब्याचे वायसर नवे घाला. एकदा दाबले गेलेले वायसर पुन्हा नीट बसतीलच याची खात्री नसते. वायसरची किंमत थोडी, समुद्रात बंद पडण्याची किंमत मोठी. बंदरातून निघताना दोन-चार जोड सोबत असावेत.

जोर लावून आवळू नका. नोजलच्या पाईपचा नट इंजिन बंद असतानाच आवळायचा, आणि दोन पाने लावून. एक पाना धरायला, एक फिरवायला. अती आवळलं की पाईपचं टोक चेपतं आणि गळती कायमची होते. पाईपला चीर असेल तर सोल्डर किंवा एमसील उपयोगाचं नाही, पाईपच बदलायचा. पाईप धरून ठेवणाऱ्या पट्ट्या जागेवर आहेत ना ते बघायचं. पट्टी नसली की थरथरून पाईप तडकतो.

ऑइल वाढलं तर सावध. गेजवर इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढली, ऑइल पातळ झालं आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल आत गळतंय. बहुतेक वेळा फीड पंपाचा पडदा फाटलेला असतो. अशा वेळी इंजिन चालवायचं नाही. पातळ ऑइलनं बेअरिंग जातात.

बोटानं कधीही तपासू नका. चालू इंजिनाच्या नोजलच्या पाईपमधून उडणारी बारीक धार कातडी भेदून डिझेल आत घुसवते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरगुती उपाय न करता ताबडतोब मोठ्या इस्पितळात जायचं आणि डिझेल दाबानं आत गेलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. गळती बघायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरायचा, हात नाही.

तळात साचलेलं डिझेल फडक्यानं टिपून किनाऱ्यावर आणायचं. ते पंपानं समुद्रात सोडलं तर ज्या पाण्यावर पोट चालतं तेच पाणी खराब होतं.

पावसाळी बंदीत बोट वर ओढलेली असते, तेव्हा ही सगळी तपासणी निवांत करता येते. रबरी नळ्या कडक झाल्या असतील तर तेव्हाच बदलून घ्याव्यात. रुडॉल्फ डिझेल यांना पहिल्या एका मिनिटासाठी कित्येक महिने सांधे घासावे लागले होते. आजच्या नाखव्याला अर्धा दिवस पुरतो.